खुणांची भाषा : संवादाचे ओझे कोणी वाहायचे?

भाषा आणि विचार यांच्या नात्यावर आपली ही व्याख्यानमाला चालू आहे. भाषा म्हटले की तोंडाने बोललेली आणि कानाने ऐकलेली, असे चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात आपोआप उभे राहते. आज नेमके तेच तपासायचे आहे. विषय आहे कर्णबधिर माणसांची खुणांची भाषा, आणि ऐकू येणारे व ऐकू न येणारे यांच्यातला संवाद. बोलण्याच्या ओघात आपण बऱ्याच ठिकाणी फिरून येऊ, पण एक प्रश्न मात्र हातातून सोडायचा नाही. दोन माणसांत संवाद होत नाही, तेव्हा उणीव कोणाकडे असते?

प्रश्न सोपा वाटतो. एकाला ऐकू येत नाही, म्हणजे उणीव त्याच्याकडे. संपला विषय! पण असे बघा. पुण्याचा एक मराठी माणूस आणि टोकियोचा एक जपानी माणूस समोरासमोर आले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. आता यातल्या एकाला आपण अपंग म्हणतो का? नाही म्हणत. दोघांना सामाईक भाषा नाही, एवढेच म्हणतो. मग कर्णबधिर माणूस समोर आला की हा हिशेब का बदलतो? कारण आपल्या मनात कुठेतरी पक्के बसलेले असते, की त्याच्याकडे वेगळी भाषा नाहीच, त्याच्याकडे फक्त भाषेचा अभाव आहे. हा समज कुठून आला आणि तो का टिकत नाही, हे आज पाहायचे आहे.

आपल्या बोलण्यातले कान आणि तोंड

सुरुवात आपल्या मराठीपासूनच करू. 'ऐकणे' या क्रियापदाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, कानावर पडणे. दुसरा, मान देणे, सांगितलेले मानणे. 'मुलगा अजिबात ऐकत नाही' अशी तक्रार करणारी आई त्या मुलाला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. आपण 'शब्द देतो', 'शब्द पाळतो', नको असलेली गोष्ट 'कानामागे टाकतो'. विश्वास, आज्ञा, शहाणपण हे सगळे आपण कान आणि जीभ यांच्या हिशेबात मांडून ठेवले आहे. त्यामुळे ज्याचा कान चालत नाही त्याचे डोकेही चालत नसणार, ही घसरण कळत-नकळत होऊन जाते.

'मूकबधिर' या जोडशब्दाचेही तसेच. बहुतेक कर्णबधिर माणसांचा कंठ, जीभ, टाळू सगळे शाबूत असते. बोलणे ऐकूनच शिकायचे असते, ते ऐकूच आले नाही म्हणून बोलणे आले नाही, एवढाच संबंध. शिवाय ज्याला आपण मुका म्हणतो तो आपल्या माणसांत बसला की हातांनी अखंड बोलत असतो. म्हणून महाराष्ट्रात आता 'कर्णबधिर' हा शब्द रुळला आहे. तो बरा आहे, कारण कुठे काय नाही एवढेच तो सांगतो, बाकीच्या माणसाविषयी निकाल देत नाही.

तत्त्वज्ञांनी काय म्हटले

आम्ही तत्त्वज्ञानाची मंडळी या बाबतीत फार निर्दोष नाही. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटीस एक छान कल्पना मांडतो. समजा आपल्याला आवाज नसता, जीभ नसती, आणि तरी एकमेकांना गोष्टी दाखवायच्या असत्या, तर मुकी माणसे करतात तसे आपणही हात, डोके आणि शरीर वापरून दाखवल्या नसत्या का? म्हणजे सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये खुणांनी बोलणारी माणसे होती आणि ती सॉक्रेटीसच्या नजरेत भरली होती. पण हा धागा तिथेच सुटला. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले, की ज्ञानाला सर्वांत जास्त हातभार लागतो तो श्रवणाचा, कारण विचारांची देवघेव ज्या बोलण्याने होते ते ऐकू येणारे असते. म्हणून जन्मांध माणूस जन्मतः मूकबधिर असलेल्या माणसापेक्षा अधिक बुद्धिमान होतो. या एका वाक्याची सावली युरोपात शेकडो वर्षे पडली. जस्टिनियनच्या रोमन कायद्यात जन्मतः मूकबधिर माणसाला व्यवहार करण्याचे अधिकार नव्हते.

आपल्याकडे? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांची यादी आहे. तीत जन्मांध, बहिरा आणि मुका येतात. त्यांना पोसायचे, पण वाटा द्यायचा नाही. ही गोष्ट फार जुनी म्हणून सोडून देऊ नका. हिंदू वारसाहक्कातली ही अपात्रता काढून टाकणारा कायदा झाला १९२८ साली. म्हणजे आपल्यापैकी काहींच्या आजोबांच्या हयातीत.

आता न्यायशास्त्राकडे येऊ. ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, किती यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही नैयायिकांची चार. काहींनी त्यात भर घालून 'चेष्टा' हे वेगळे प्रमाण मानले. इथे चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे. चेष्टा म्हणजे शरीराची अर्थपूर्ण हालचाल, खूण. 'तर्कसंग्रह' लिहिणाऱ्या अन्नंभट्टाने स्वतःच्याच ग्रंथावरच्या 'दीपिका' टीकेत या मताचा एका ओळीत निकाल लावला. चेष्टेने व्यवहार होतो हे त्याला मान्य आहे. पण तो होतो शब्दाच्या किंवा अनुमानाच्या द्वारे, म्हणून ते निराळे प्रमाण नाही.

मुद्दा बारकाईने पाहा. अन्नंभट्टाच्या मते खूण पाहिली की एकतर आपल्याला एखादा शब्द आठवतो, किंवा धूर पाहून अग्नी ओळखावा तसा आपण त्या माणसाचा हेतू ओळखतो. म्हणजे खूण ही शब्दाची चाकर, नाहीतर नुसते लक्षण. ऐकणाऱ्या माणसाच्या हातवाऱ्यांबद्दल हे बरेचसे खरे आहे. दुकानात आपण दोन बोटे दाखवतो तेव्हा 'दोन' हा शब्द मागे उभा असतो. पण ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही, त्याच्या हाताच्या खुणेमागे कोणता शब्द उभा असेल? त्याच्या बाबतीत खूण हाच शब्द असायला हवा. ही शक्यता या चर्चेत विचारात घेतलेली दिसत नाही.

खरे तर तिच्यासाठी जागा आपल्याच परंपरेत होती. भर्तृहरी म्हणतो, की शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञान जगात नाही. वरवर पाहता हे अ‍ॅरिस्टॉटलच्या वाटेनेच चाललेले वाटते. पण त्याच परंपरेत कानावर पडणारा ध्वनी आणि अर्थ देणारा स्फोट यांत भेद केलेला आहे. ध्वनी फक्त प्रकट करणारा असतो. मग प्रकट करणारी गोष्ट ध्वनीच हवी, हा आग्रह कशासाठी? दिवा तेलाचा असो की विजेचा, दिसते ती वस्तू तीच. भर्तृहरीने असे म्हटलेले नाही, हा निष्कर्ष आपण काढतो आहोत. पण तो काढायला त्याच्या सिद्धान्तात अडचण दिसत नाही.

हाताचे व्याकरण

तर्काने हे ठीक आहे. पण हातांच्या खुणांना खरोखर भाषेची घडण असते का? याचे उत्तर मिळाले ते अमेरिकेत, १९६० साली. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या महाविद्यालयात विल्यम स्टोकी नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते स्वतः ऐकू येणारे. विद्यार्थी आपसात जे करतात ती तुटकीफुटकी इंग्रजी नाही, त्यात काही पद्धत आहे, असे त्यांना जाणवले. त्यांनी खुणा सुट्या करून पाहिल्या. तेव्हा असे दिसले, की प्रत्येक खूण काही मोजक्या घटकांची बनते : हाताचा आकार, हाताची जागा आणि हाताची हालचाल. त्यांचे सहकारी आधी हसले. पण १९६५ मध्ये स्टोकींनी दोन सहकाऱ्यांबरोबर या भाषेचा कोश काढला, आणि पुढे भाषाविज्ञानाने ही गोष्ट मान्य केली.

याचे महत्त्व कळण्यासाठी मराठीतले उदाहरण घेऊ. काळ, गाळ, जाळ, माळ. एकच ध्वनी बदलला की अर्थ पार बदलतो. त्या ध्वनीला स्वतःचा अर्थ नाही, पण तो अर्थ वेगळा करतो. अमेरिकन खुणांच्या भाषेत 'उन्हाळा', 'कुरूप' आणि 'कोरडे' या तीन खुणांत बोटाचा आकार तोच, हालचाल तीच. फरक फक्त जागेचा. कपाळापाशी केली तर उन्हाळा, नाकापाशी केली तर कुरूप, हनुवटीपाशी केली तर कोरडे. हे काळ-गाळ-जाळसारखेच झाले. नुसत्या नकलेत असे होत नाही.

चेहराही व्याकरणाचे काम करतो. आपण 'येतोस?' म्हणताना आवाज वर नेतो, खुणांच्या भाषेत भुवया वर जातात. आणि समोरची मोकळी जागा सर्वनामांच्या कामी येते. एका माणसाचा उल्लेख करून त्याला उजवीकडे 'ठेवला', दुसऱ्याला डावीकडे 'ठेवला', की पुढे 'देणे' ही खूण उजवीकडून डावीकडे नेली म्हणजे याने त्याला दिले, उलट नेली म्हणजे त्याने याला दिले. कर्ता आणि कर्म दोन्ही एका हालचालीत आले.

आपल्या भारतीय सांकेतिक भाषेकडे पाहू. पुरुषाची खूण मिशीवरून आली आहे, बाईची नाकातल्या चमकीवरून. खुणा अशा रोजच्या जगण्यातून येतात, पण एकदा रुळल्या की त्या चित्र राहत नाहीत, शब्द होतात. चमकी न घालणारी बाईही बाईच. या भाषेत प्रश्नाची खूण साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते. 'तुझं नाव काय' यात मराठीतही 'काय' शेवटी येते, पण 'तू कधी आलास' यात 'कधी' मधे येते. खुणांच्या भाषेत ते शेवटी जाते. ही आपल्या भाषेची मोडतोड नव्हे, त्या भाषेचा तो नियम आहे.

इथे व्याख्यानात नेहमी येणारा एक प्रश्न उरकून घेऊ. खुणांची भाषा जगभर एकच असते ना? नाही. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी, पण तिथल्या कर्णबधिरांच्या भाषा एकमेकांना समजत नाहीत. अमेरिकन खुणांचे नाते फ्रेंच खुणांशी आहे, कारण पॅरिसच्या शाळेतला लोराँ क्लेर हा कर्णबधिर शिक्षक अमेरिकेत गेला आणि १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली. म्हणजे या भाषांचा वंशवृक्ष वेगळा आहे. आपल्याकडेही १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळुरू अशा शहरांतल्या खुणा अभ्यासल्या. गावोगावच्या खुणांत फरक दिसला, पण त्या एका घराण्यातल्या आहेत हेही दिसले. मराठी, बंगाली, कन्नड यांच्या सीमा या भाषेला लागू नाहीत.

ओठांवर काय दिसते?

मग इतकी धड भाषा असताना ती शाळेत का शिकवली गेली नाही? त्यासाठी १८८० सालच्या मिलान शहरात जावे लागते. कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद तिथे भरली. खुणा विरुद्ध तोंडी बोलणे असा प्रश्न होता. ठराव झाला, की शिक्षणात बोलण्याला प्राधान्य द्यावे. बाजूने १६०, विरुद्ध ४. पुढच्या ठरावाने शिक्षणातून खुणा हद्दपार केल्या. ज्यांच्या भाषेचा निवाडा होत होता, त्यांच्यातला प्रतिनिधी होता फक्त एक. त्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक शाळांतून खुणा गेल्या, आणि कर्णबधिर शिक्षकही गेले. खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली ती याच १८८० च्या दशकात. भारतातल्या शाळांनीही बहुधा तोंडी पद्धतच धरली. खुणांची भाषा वर्गाबाहेर जगली : वसतिगृहात, मैदानावर, मधल्या सुट्टीत. २०१० साली व्हँकुव्हरला झालेल्या परिषदेने मिलानचे ठराव अधिकृतपणे नाकारले आणि झाल्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. मधे १३० वर्षे गेली.

मिलानच्या लोकांना दुष्ट म्हणण्याची गरज नाही. मुलाने चारचौघांत मिसळावे, त्याला बोलता यावे, ही इच्छा चांगलीच होती. पण त्यात एक हिशेब चुकला. ओठ वाचून बोलणे कळेल असे त्यांनी धरले. ते कितपत शक्य आहे, हे आपण आत्ताच करून पाहू. शेजारच्याकडे वळा आणि आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हणा : बाबा. आता म्हणा : मामा. आता : पापा. फरक दिसला? प, फ, ब, भ, म हे पाचही ओठ मिटून होतात. क, ख, ग, घ तर घशापाशी होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. ज्याला आधीपासून मराठी येते तो संदर्भावरून 'बाबा आले' की 'मामा आले' हे ताडू शकेल. पण ज्याला ही भाषा अजून शिकायची आहे, त्याने संदर्भ कुठून आणायचा? भाषा येत असल्याशिवाय ओठ वाचता येत नाहीत, आणि ओठ वाचून भाषा शिक असे आपण त्याला सांगतो. तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. त्यात समोरच्याला मिशा असल्या, तो पाठमोरा झाला, किंवा खोलीत अंधार असला की सगळेच संपले.

एक बेट आणि एक शहर

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ओझे दुसऱ्या बाजूने उचलले तर काय होते? याचे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ मार्थाज् व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथे आनुवंशिक बहिरेपण पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण ५,७०० माणसांत एक जन्मतः कर्णबधिर असे, तर या बेटावर १५५ माणसांत एक, आणि चिल्मार्क गावात २५ माणसांत एक. नोरा एलन ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

त्यांना दिसले ते असे. बेटावर ऐकू येणारी माणसेही लहानपणापासून खुणांची भाषा शिकत. घरात कोणी कर्णबधिर असो वा नसो. दुकानात, चर्चमध्ये, गावच्या सभेत खुणा चालत. समुद्रावर एका होडीतून दुसऱ्या होडीत ओरडून ऐकू जात नाही, तिथे ऐकू येणारे कोळीही एकमेकांशी खुणांनीच बोलत. कर्णबधिर माणसे शेती करत, मासे धरत, लग्ने करत, गावच्या कामात मत देत. ग्रोसबाई एखाद्या जुन्या माणसाविषयी विचारत, तेव्हा वृद्ध सांगत, तो चांगला कोळी होता. तो कर्णबधिर होता हे फार खोदून विचारल्यावर आठवे. म्हणजे बघा, त्या माणसांचे कान तसेच होते. त्यात काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला होता शेजाऱ्यांच्या हातांत. पुढे बाहेरच्या जगाशी सोयरिकी वाढल्या, आनुवंशिक बहिरेपण कमी झाले, आणि त्या परंपरेतली शेवटची कर्णबधिर व्यक्ती १९५२ मध्ये गेली.

बेट लहान होते, आपले जग मोठे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून मुंबईकडे पाहू. अ‍ॅनेलीज कुस्टर्स या संशोधक, त्या स्वतः कर्णबधिर आहेत, त्यांनी मुंबईत बरेच काम केले. लोकलच्या अपंगांसाठी असलेल्या डब्यात कर्णबधिर प्रवासी कसे ठरवून एकत्र येतात, गप्पा मारतात, बातम्या देतात-घेतात, हे त्यांनी लिहिले आहे. 'इशारे' नावाचा त्यांचा २०१५ चा माहितीपट आहे. त्यात कर्णबधिर माणसे, आणि ज्यांना दिसतही नाही असे एक गृहस्थ, मुंबईच्या बाजारात ऐकू येणाऱ्या विक्रेत्यांशी कसा व्यवहार करतात ते दिसते. भाव विचारणे, घासाघीस, कुठली वस्तू हवी, सगळे हातांनी. मुंबईचा विक्रेता मुळात अनेक भाषांच्या गिऱ्हाइकांना तोंड देत असतो. त्याला हातवाऱ्यांचे वावडे नाही. तो हात हलवायला तयार असतो, म्हणून व्यवहार जमतो.

पण इथे एक रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. हातवारे आणि भाषा एक नव्हेत. हातवाऱ्यांनी किलोभर कांदे घेता येतात. डॉक्टरने 'ही गोळी सुरू असताना ती घेऊ नका, आणि चक्कर आली तरच या' असे सांगायचे असेल, बँकेने कर्जाची अट समजवायची असेल, पोलिसांनी जबाब घ्यायचा असेल, तर हातवारे अपुरे पडतात. 'जर', 'तरच', 'नाहीतर', 'गेल्या वर्षी' यांना भाषा लागते. बाजारात जमते म्हणून दवाखान्यात जमेल असे नाही. तिथे भाषा जाणणारा दुभाषा लागतो. २०११ च्या जनगणनेत भारतात ऐकण्याचे अपंगत्व असलेली माणसे ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. त्या मानाने प्रशिक्षित दुभाषे अगदीच तुटपुंजे आहेत.

घरातली गोष्ट

सगळ्यांत मोठा प्रश्न दवाखान्यातही नाही, तो घरात आहे. कर्णबधिर मुलांपैकी दहातली नऊहून अधिक ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या घरात खुणांची भाषा कोणालाच येत नसते. आई प्रेमाने चार-दोन खुणा बनवते. जेव, ये, झोप, नको, आंघोळ. एवढ्यावर मूल वाढते, पोट भरते, माया मिळते. पण आजी कुठे गेली, परत का येत नाही, आपण उद्या कोणाकडे जाणार आहोत, ताई का रडते, हे त्याला कोणी सांगू शकत नाही. ते विचारूही शकत नाही. जेवणाच्या वेळी सगळे हसतात, आणि ते 'काय झालं' असा चेहरा करते. उत्तर मिळते हाताच्या एका झटक्याने : काही नाही, जेव तू. रोज, अनेक वर्षे. मंडळी, हे बहिरेपणाचे दुःख नाही. हे भाषा न मिळाल्याचे दुःख आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

भाषा शिकण्याची पहिली काही वर्षे फार मोलाची असतात. १९९१ मध्ये लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी दाखवले, की कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळे हातांनी बोबडे बोलतात. आपली बाळे 'बाबाबा' करतात त्याच सुमारास ती हातांचे अर्थहीन पण लयबद्ध आकार करतात. म्हणजे बाळाचा मेंदू भाषेची वाट पाहत असतो. ती कानाच्या दाराने आली काय किंवा डोळ्याच्या दाराने आली काय, त्याला चालते. दोन्ही दारे बंद ठेवली तर मात्र नुकसान होते, आणि ते पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

आईबापांची एक भीती असते. खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा आळस करेल. अनेकांना तसा सल्लाही मिळतो. या भीतीला आधार नाही. कर्णबधिर आईबापांच्या ऐकू येणाऱ्या मुलांकडे पाहा. ती घरात खुणा आणि बाहेर बोलभाषा अशा दोन्ही भाषा सहज शिकतात. घरात कोकणी आणि शाळेत मराठी बोलणारे मूल मराठीत मागे पडते का? आणखी एक विचारले जाते : आता कानात बसवायचे यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, आहे ना? आहे, आणि लहान वयात बसवले, पुढे नीट उपचार मिळाले, तर पुष्कळ मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. जन्मानंतर काही दिवसांतच बाळाच्या श्रवणाची तपासणी होऊ शकते, ती जरूर करावी. पण शस्त्रक्रियेची वाट पाहण्यात, पैसे जमवण्यात, यंत्रावर ऐकायला शिकण्यात महिने आणि वर्षे जातात. तेवढा काळ मूल भाषेवाचून ठेवायचे का? आणि यंत्र काढले, बॅटरी संपली, की ते मूल कर्णबधिरच असते. यंत्र आणि खुणा यांत भांडण लावण्याचे कारण नाही. मुलाला दोन्ही मिळू द्या.

कायदा कुठे आला, आपण कुठे आहोत

शेवटाकडे येताना पुन्हा कायद्याकडे पाहू, कारण समाज कोणाला पूर्ण माणूस मानतो ते तिथे कळते. १८७२ च्या पुरावा कायद्यात एक लक्षणीय तरतूद होती. ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही, त्याने भर न्यायालयात लिहून किंवा खुणांनी साक्ष दिली, तर ती तोंडी पुरावाच समजली जाईल. हातांनी दिलेली साक्ष, आणि कायदा तिला म्हणतो तोंडी! अन्नंभट्टाने जे मानले नाही ते या कायद्याने एका ओळीत मानले. खूण ही शब्दाच्या बरोबरीची आहे. २०१३ मध्ये अशा साक्षीसाठी दुभाष्याची मदत आणि चित्रीकरण यांची भर पडली. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, तिचा कोश तयार झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घेतली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तिचे नाव आले. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या राहिल्या. वारशातला वाटा नाकारण्यापासून इथवर वाट आली, ही थोडी गोष्ट नाही. अर्थात घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यात अजून एकही खुणांची भाषा नाही.

कायद्याने दार उघडते, पण बोलायचे आपल्यालाच असते. म्हणून काही साध्या गोष्टी. कर्णबधिर माणसाशी बोलताना समोर उभे राहा, तोंडावर उजेड असू द्या. ओरडू नका, ओरडण्याने ओठ वेडेवाकडे होतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. लक्ष वेधायला खांद्यावर हलकेच हात ठेवा किंवा दिवा उघडझाप करा. दुभाषा असेल तर बोलताना त्या माणसाकडे पाहा, दुभाष्याकडे नको. 'त्यांना विचारा, त्यांचं काय दुखतंय' असे नको, 'तुमचं काय दुखतंय' असे विचारा. न समजल्यास कागद-पेन्सिल काढा, पण सगळ्यांना मराठी लिहिता-वाचता येईल असे धरू नका, कारण ती त्यांची दुसरी भाषा आहे. आणि 'काही नाही, जाऊ दे' हे उत्तर शक्यतो कधीच देऊ नका.

आपल्या इमारतीत, कचेरीत, नात्यात एखादा कर्णबधिर माणूस असेलच. त्याच्या नावाची खूण विचारा, आपल्या नावाची करून घ्या. दहा खुणा शिका, मग पन्नास. तो आयुष्यभर आपली भाषा शिकण्यासाठी धडपडत आला आहे. निम्मी वाट आपण चाललो तर बेटावर जे घडले ते निदान एका जिन्यावर, एका स्वयंपाकघरात घडू शकेल.

उणीव कोणाकडे, असे आपण सुरुवातीला विचारले होते. उणीव दोघांच्या मधे आहे, म्हणून ती भरण्याचे कामही दोघांचे आहे. ऐकू येणारे संख्येने जास्त आहेत, म्हणून त्यांचा वाटा थोडा मोठा.

पुढच्या वेळी आपण लेखनाकडे, म्हणजे डोळ्यांनी वाचल्या जाणाऱ्या भाषेकडे वळू.